नाताळची मसाला बिस्किटे मुरू द्या

डिसेंबर उजाडला की बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत प्लम केकच्या शेजारी आणखी एक पदार्थ दिसू लागतो. तपकिरी रंगाची, वर पांढऱ्या साखरेची नक्षी काढलेली, दालचिनी-लवंगांचा वास येणारी बिस्किटे. मुले हट्ट धरतात, पुडा घरी येतो, आणि पुष्कळदा पहिल्याच घासाला हिरमोड होतो. बिस्किट दाताला टणक लागते, मसाला नावापुरताच असतो. मग एखादी हौशी गृहिणी ठरवते की हा पदार्थ घरीच करून पाहायचा. मध, लोणी, बदाम असे महागाचे साहित्य आणले जाते, दुपारभर खपून बिस्किटे भाजली जातात, आणि गार झाल्यावर पाहावे तर तीही कडकच! साहित्य वाया गेले असे समजून ती चहात बुडवून कशीबशी संपवली जातात.

बहुतेक वेळा कृती चुकलेली नसते, फक्त घाई झालेली असते. मध-मसाल्याची ही बिस्किटे भट्टीतून निघताना मऊ असतात, गार झाली की कडक होतात, आणि डब्यात आठवडाभर राहिली की पुन्हा मऊ पडतात. मुरांबा जसा मुरावा लागतो, गूळ घातलेले अनारशाचे पीठ जसे काही दिवस ठेवून द्यावे लागते, तसेच यांचेही आहे. मुरण्याला जो वेळ लागतो तो दिला, तर बाजारातल्या कोणत्याही पुड्यापेक्षा चांगली बिस्किटे घरच्या घरी होतात.

मसाला आपला, भट्टी न्यूरेंबर्गची

या प्रकारच्या बिस्किटांचे सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे जर्मनीतील न्यूरेंबर्ग. तिथे त्यांना ‘लेबकूखन’ म्हणतात. शहराभोवतीच्या जंगलात मधमाश्या पाळण्याचा मोठा व्यवसाय होता, त्यामुळे मध मुबलक. शिवाय हे शहर युरोपातील मोठ्या व्यापारी रस्त्यांवर वसलेले. मलबार किनाऱ्यावरची मिरी, सुंठ, वेलची आणि त्याहून पूर्वेकडच्या बेटांवरची लवंग-जायफळ ही अरब व्यापाऱ्यांच्या हातून व्हेनिसला पोचत आणि तिथून आल्प्स पर्वत ओलांडून न्यूरेंबर्गला येत. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरल्यानंतर हा माल लिस्बनमार्गेही येऊ लागला. जंगलातला मध आणि समुद्रापलीकडचा मसाला एका गावात भेटले, आणि न्यूरेंबर्गच्या लेबकूखनला बहर आला.

१६४३ साली न्यूरेंबर्गच्या लेबकूखन करणाऱ्या कारागिरांना स्वतःचा वेगळा संघ मिळाला. साध्या पाव करणाऱ्यांना मग हा माल करण्याची मुभा राहिली नाही. १९९६ पासून युरोपीय संघाने ‘न्यूरेंबर्गर लेबकूखन’ या नावाला संरक्षण दिले आहे. न्यूरेंबर्ग शहराबाहेर केलेल्या मालावर ते नाव घालता येत नाही. त्यातील सर्वांत उंची प्रकाराला ‘एलिझन लेबकूखन’ म्हणतात. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के असावे लागतात आणि पिठाचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर चालत नाही.

आणखी एक गंमत. जर्मनीच्या काही भागांत याच पदार्थाला ‘फेफरकूखन’ म्हणजे मिरीचा केक असे म्हणतात. त्यात मिरी असेलच असे नाही. जुन्या काळी दूरदेशाहून आलेल्या सगळ्याच मसाल्यांना तिथले लोक सरसकट मिरी म्हणत. हा ‘फेफर’ शब्द लॅटिन ‘पायपर’वरून आला, आणि त्याचे मूळ संस्कृतातल्या ‘पिप्पली’मध्ये, म्हणजे आपल्या पिंपळीत आहे. तेव्हा हा पदार्थ परदेशी असला तरी त्याचा मसाला आपल्या डब्यातला आहे.

मऊपणाचे गणित

साध्या बिस्किटाचा खुसखुशीतपणा लोण्यातून येतो. इथे लोणी कमी आणि मध जास्त असतो. मधातील साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि धरून ठेवते. म्हणूनच गार होऊन कडक झालेले बिस्किट बंद डब्यात हळूहळू मऊ पडते. बदामाची पूड घातल्याने मैद्याचा चिवटपणा कमी होतो. पीठ रात्रभर ठेवले की मैदा मधाचा ओलावा सावकाश शोषून घेतो आणि मसाल्याचा उग्रपणा जाऊन वास मुरतो.

न्यूरेंबर्गकडचे कारागीर पीठ फुलवण्यासाठी अमोनियाचा एक क्षार वापरत आले आहेत. पूर्वी तो हरणाच्या शिंगांपासून काढत. भाजताना त्याचा उग्र दर्प सुटतो. घरात त्याची गरज नाही. मध थोडा आंबट गुणाचा असल्यामुळे खाण्याच्या सोड्याने काम उत्तम होते.

साहित्य (सुमारे २८ बिस्किटांसाठी)

मैदा २५० ग्रॅम, मध १५० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ किंवा ब्राऊन शुगर ७५ ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, बदामाची पूड ७५ ग्रॅम, संत्र्याच्या सालीचा पाक मुरवलेला चुरा ५० ग्रॅम, १ अंडे, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, तयार मसाला २ लहान चमचे. अंडे चालत नसेल तर त्याऐवजी ३ मोठे चमचे घट्ट दही घ्यावे.

मसाल्यासाठी: दालचिनी पूड ४ लहान चमचे, सुंठ पूड १, धणे पूड १, वेलची, लवंग आणि जायफळ यांची पूड प्रत्येकी अर्धा, चक्रीफूल आणि काळी मिरी यांची पूड प्रत्येकी पाव चमचा. सगळे एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. उरलेला मसाला पुढच्या खेपेला किंवा चहाला उपयोगी पडतो.

संत्र्याच्या साली बाजारातून आणण्याचे कारण नाही. डिसेंबरात नागपुरी संत्री घरोघर येतातच. दोन-तीन संत्र्यांच्या साली स्वच्छ धुऊन बारीक चिराव्यात. दहा मिनिटे पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. असे दोनदा केले की कडवटपणा जातो. मग सालींइतकीच साखर आणि पाव कप पाणी घालून मंद आचेवर ठेवाव्यात. साली पारदर्शक झाल्या आणि पाक आटला की ताटात पसरून सुकवाव्यात.

कृती

जाड बुडाच्या पातेल्यात मध, गूळ आणि लोणी घालून अगदी मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळला की लगेच उतरवावे, उकळी येऊ देऊ नये. उकळले की पाक घट्ट होतो आणि अशी बिस्किटे कितीही मुरवली तरी कडकच राहतात. मिश्रण कोमट झाल्यावर फेटलेले अंडे किंवा दही घालावे. गरम असताना अंडे घातल्यास त्याच्या गाठी होतात.

मैदा, सोडा, मीठ आणि मसाला दोनदा चाळून घ्यावा. त्यात बदामाची पूड व सालींचा चुरा मिसळावा. मग मधाचे मिश्रण ओतून चमच्याने हलक्या हाताने एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. पीठ बरेच चिकट दिसेल. इथेच पुष्कळजणी घाबरून वरून मैदा घालतात. तसे अजिबात करू नये, रात्रभरात ते आपोआप आळते. भांडे झाकून फ्रीजमध्ये ठेवावे.

दुसऱ्या दिवशी ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आधी तापवून घ्यावा. ओल्या हाताने लिंबाहून थोडे लहान गोळे करावेत, तूप लावलेल्या ट्रेमध्ये अंतर राखून ठेवावेत आणि दाबून एक सेंटिमीटर जाडीचे करावेत. पातळ बिस्किट मऊ राहत नाही. ११ ते १३ मिनिटे भाजावे. कडा घट्ट आणि मधला भाग बोटाने दाबल्यास किंचित दबणारा असतानाच ट्रे बाहेर काढावा. रंग गडद होण्याची वाट पाहू नये, कारण मध आणि गूळ लवकर करपतात.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर पसरून त्यावर जाळी ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावी आणि लहान ताटलीत पाच-सहा बिस्किटे ठेवून मंद आचेवर भाजावीत. वेळ १८ ते २० मिनिटे लागतो. तळ करपू नये म्हणून ताटलीखाली आणखी एक ताटली ठेवावी.

साखरेचा मुलामा

१०० ग्रॅम पिठीसाखरेत १ लहान चमचा लिंबाचा रस आणि साधारण २ मोठे चमचे गरम पाणी थोडे थोडे घालून ढवळावे. बिस्किटे गरम असतानाच ब्रशने हा पातळ मुलामा वर लावावा. तो वाळला की वर पांढरट, काचेसारखी पापडी धरते आणि आतला ओलावाही टिकतो. नक्षी काढायची असेल तर तेवढ्याच साखरेत पाणी कमी घालून घट्ट मिश्रण करावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्याला बारीक छिद्र पाडून रेषा, तारे, नावे काढावीत. नक्षी मात्र वाटण्याच्या आदल्या दिवशीच काढावी.

परदेशी पुस्तकांत या नक्षीसाठी अंड्याचा कच्चा पांढरा बलक सांगितलेला असतो. घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणसे असतील तर तो टाळावा. पाणी-लिंबाचा मुलामा तितकाच छान दिसतो.

डब्यात मुरवताना

बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात थरांमध्ये बटर पेपर घालून भरावीत. इथून पुढे गावाची हवा पाहावी. नागपूर, इंदूर, दिल्लीकडच्या कोरड्या थंडीत डब्यात एका वाटीत सफरचंदाची फोड ठेवावी. तिचा ओलावा बिस्किटे ओढून घेतात. फोड बिस्किटांना चिकटू देऊ नये, दर दोन दिवसांनी बदलावी आणि बिस्किटे मऊ झाली की काढून टाकावी, नाहीतर बुरशी येते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत फोडीची सहसा गरज पडत नाही. तिथे उलट मुलामा चिकट होण्याची भीती असते, म्हणून डबा वरचेवर उघडू नये.

चौथ्या दिवशी एक बिस्किट मोडून पाहावे. मऊपणा येऊ लागलेला असतो. सातव्या-आठव्या दिवशी चव खुलते. म्हणजे २५ डिसेंबरला ताटात ठेवायची असतील तर १५ तारखेच्या सुमारास भाजून डब्यात गेली पाहिजेत. पुढे दोन आठवडे ती उत्तम राहतात.

थोडी खबरदारी

एक वर्षाखालच्या बाळाला हे बिस्किट चाटायलाही देऊ नये. मधात कधीकधी असणारे एका घातक जंतूचे बीज भाजण्यानेही मरत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या पोटात ते वाढू शकते. घरातील वडीलधाऱ्यांनी कौतुकाने दिले तरी आईने इथे ठाम राहावे.

दालचिनीही पारखून घ्यावी. बाजारात मिळणारी जाड, टणक साल बहुतेक वेळा तज असते. तिच्यात कुमारिन हे द्रव्य बरेच असते आणि ते फार प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. २००६ साली जर्मनीतील सरकारी तज्ज्ञ संस्थेने नाताळच्या दालचिनी-बिस्किटांबाबत, विशेषतः लहान मुलांसाठी, याच कारणाने सावध केले होते. सिलोनची दालचिनी पातळ, कागदासारख्या पदरांची आणि हाताने सहज मोडणारी असते. ती थोडी महाग पडली तरी मुलांच्या खाऊसाठी तीच घ्यावी.

मध आणि गूळ घातले म्हणजे मधुमेहींना चालेल, हाही समज चुकीचा आहे. साखर ती साखरच. आणि डबा भेट द्यायचा असेल तर त्यात बदाम आहेत, अंडे आहे की नाही, हे चिठ्ठीवर जरूर लिहावे. बदामाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला त्या एका ओळीचा मोठा आधार वाटतो.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला किंवा परगावी नोकरी करणाऱ्या मुलाला पाठवायला याहून सोयीचा खाऊ नाही. प्रवासात तो मोडत नाही, विटत नाही. पार्सल पोचायला चार दिवस जास्त लागले तरी चिंता करू नये. तेवढी बिस्किटे अधिक मुरतील.