निवृत्तांची सांगली

निवृत्तिवेतनावर जगू पाहणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला पुण्यातील घर परवडत नाही आणि खेड्यात मन रमत नाही. साहजिकच अनेकांची दृष्टी सांगलीकडे वळते. 1919 साली विलिंग्डन आणि 1947 साली वालचंद महाविद्यालय येथे उभे राहिले. विद्यार्थ्यांच्या वर्दळीमुळे खानावळी, पुस्तकांची दुकाने, सायंकाळची व्याख्याने टिकून राहतात. रुग्णालयांसाठी विख्यात असलेले मिरज तर शेजारीच! विष्णुदास भाव्यांच्या या नगरीचा नाट्यलौकिक निराळाच.

परंतु घर घेणाऱ्याने या साऱ्याआधी कृष्णेची पूररेषा पाहावी. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी नदी शहरात शिरली. 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. अशा वेळी तरुण माणूस गादी-धान्य माळ्यावर चढवतो. सत्तरी उलटलेल्या जोडप्याने काय करावे? मुले बहुधा परगावी नोकरीला असतात. गावभागातील बैठे घर स्वस्त मिळते म्हणून घेणे हा शहाणा व्यवहार नव्हे. विश्रामबागेकडील उंच भागात एक खोली कमी मिळाली तरी ती पत्करावी. महापालिकेनेही घरपट्टीच्या पावतीवर त्या घराने 2019 मध्ये पाहिलेली पाणीपातळी छापावी. विकणाऱ्यांना ते रुचणार नाही, हे उघडच आहे.