स्लाइस सरळ करणारा ड्रायव्हर: अनुभव खरे, निष्कर्ष घाईचा

उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी गोल्फरचा टीवरून मारलेला चेंडू पुष्कळदा उजवीकडे वळत जातो आणि झाडीत किंवा हद्दीबाहेर पडतो. हा स्लाइस. गोल्फ साहित्याच्या व्यापाराचा बराच मोठा भाग या एका दोषावर उभा आहे. चेंडूची दिशा सुधारून देण्याचे आश्वासन घेऊन येणारे टायटॅनियमचे ड्रायव्हर बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्या विकतात. पिंगची एसएफटी मालिका याच गिऱ्हाइकासाठी आहे. टेलरमेडने २०१७ मध्ये एम-टू ड्रायव्हरची डी-टाइप ही डावीकडे झुकणारी आवृत्ती काढली, तीही त्याच्याचसाठी. हे क्लब वापरणाऱ्यांकडून साधारण तीन प्रकारची उत्तरे मिळतात. एकाचा स्लाइस गेलेला असतो. दुसऱ्याचा चेंडू आता डावीकडे हुक होऊ लागलेला असतो. तिसऱ्याला काडीचा फरक पडलेला नसतो आणि पैसे पाण्यात गेल्याची त्याला खात्री असते. हे तिघेही खरे बोलत असतात, असे माझे मत आहे; आणि नेमके म्हणूनच त्यांच्यापैकी कुणाच्याही शब्दावर विसंबून चौथ्याने हा क्लब विकत घेऊ नये.

आधी टायटॅनियमचा हिशेब मांडू. ड्रायव्हरची डोकी पूर्वी पर्सिमन लाकडाची असत. गॅरी ॲडम्सने १९७९ मध्ये टेलरमेड काढून पोलादी डोके रूढ केले. १९९१ ची कॅलवेची बिग बर्थाही पोलादीच होती. १९९५ च्या ग्रेट बिग बर्थापासून टायटॅनियमची खरी चलती सुरू झाली. या धातूत चेंडू सरळ नेण्याचा कोणताही गुण नाही. तो ताकदीला कमी पडत नाही आणि तरी हलका आहे, एवढेच. घन सेंटिमीटरमागे त्याचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरते, पोलादाचे पावणेआठच्या पुढे जाते. ड्रायव्हरचे डोके दोनशे ग्रॅमच्या आसपासच ठेवावे लागते, कारण त्याहून फार जड झाले तर स्विंगचा वेग मरतो. टायटॅनियमचे कवच पातळ करता येत असल्याने डोके नियमाने परवानगी दिलेल्या ४६० घन सेंटिमीटरपर्यंत फुगवूनही काही ग्रॅम हाताशी उरतात. ते कुठे बसवायचे हे रचनाकाराच्या मर्जीवर आहे. टेलरमेडच्या २००४ च्या आर-सेव्हन क्वाडने तर चार स्क्रू देऊन हा निर्णय खेळाडूवरच सोपवला होता. दिशा सुधारणारा ड्रायव्हर म्हणजे हे उरलेले ग्रॅम हीलकडे, शाफ्टच्या बाजूला, नेऊन ठेवलेला ड्रायव्हर. जोडीला बहुधा थोडा जास्त लॉफ्ट, म्हणजे फेसचा वरच्या दिशेचा कल, असतो आणि फेस किंचित डावीकडे बंद केलेला असतो.

याने काय होते ते समजायला चेंडू का वळतो हे पाहिले पाहिजे. चेंडू स्विंगच्या मार्गाने निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो, असे कित्येक दशके शिकवले जात होते. रडारने फटके मोजायला सुरुवात झाली तेव्हा चित्र बदलले. चेंडू निघतो तो मुख्यत्वे फेस जिकडे पाहत असेल तिकडे, आणि वळतो तो फेसची दिशा व स्विंगचा मार्ग यांत जितके अंतर असेल तितका. मार्ग बाहेरून आत आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, हे स्लाइसचे मूळ. क्लब आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या वेळात क्लबने काही ‘सुधारणे’ शक्यच नसते. हीलकडचे वजन आपले काम त्याआधी आणि त्या क्षणी दोन प्रकारे करते. गुरुत्वमध्य शाफ्टजवळ आल्याने खाली येताना फेस थोडा लवकर बंद होतो. शिवाय फेसच्या मध्यावर लागलेला चेंडू आता गुरुत्वमध्याच्या टोकाकडच्या बाजूला लागलेला असतो, त्यामुळे डोके किंचित फिरते आणि चेंडूला डावीकडे वळण्याची फिरकी मिळते. हे सगळे खरे आहे, मोजता येण्यासारखे आहे. कंपन्या याबाबत खोटे बोलत नाहीत.

पण हा परिणाम ठरावीक मापाचा असतो आणि खेळाडूचा दोष तसा नसतो. क्लब प्रत्येक फटक्यात थोडेसे डावे मिळवतो, मग फटका कसाही असो. ज्याचा फेस दर वेळी दोन-तीन अंशांनी उघडा राहतो आणि मार्ग बऱ्यापैकी स्थिर आहे, त्याची बेरीज जुळते. तो म्हणतो, स्लाइस गेला. फेस एक अंशाने उघडा राहिला तर निव्वळ निघण्याच्या दिशेमुळे दोनशे यार्डांवर चेंडू सुमारे तीन यार्ड बाजूला पडतो, आणि वळण त्यावर वेगळे. म्हणजे ज्याचा फेस सात-आठ अंशांनी उघडा असतो त्याच्यासाठी ही मदत फार तोकडी आहे; त्याचा चेंडू झाडीतल्या तिसऱ्या रांगेऐवजी पहिल्या रांगेत पडतो, आणि त्याला फरक दिसत नाही. हुकची तक्रार करणाऱ्याचा फेस कधी उघडा, कधी बंद असतो. त्याचे चांगले फटकेही आता डावीकडे खेचले जातात. यात आणखी एक गुंता आहे. वर्षानुवर्षे स्लाइस मारणारा माणूस नकळत डावीकडे तोंड करून उभा राहायला शिकतो. डावीकडे नेणारा क्लब हाती घेऊनही त्याने पाय तसेच ठेवले, तर चेंडू सरळ रेषेत डावीकडच्या हद्दीबाहेर जातो, आणि दोष मात्र क्लबला लागतो.

पहिल्या काही दिवसांतल्या कौतुकालाही थोडी सबुरी हवी. नवा ड्रायव्हर माणूस घेतो कधी? सलग काही आठवडे वाईट खेळ झाल्यावर. त्यानंतर खेळ थोडा सुधारणे हे क्लब न बदलताही घडते. श्रेयाचा दुसरा वाटा लॉफ्टचा असतो. लॉफ्ट जास्त असला की चेंडूची मागची फिरकी वाढते आणि तेवढ्याच चुकीला तो आडवा कमी वळतो. तीन नंबरचा वूड बहुतेकांच्या हातून ड्रायव्हरपेक्षा सरळ जातो त्याचे हे एक कारण, आणि आखूड शाफ्ट हे दुसरे. नऊ अंशांचा जुना ड्रायव्हर बाजूला ठेवून बारा अंशांचा दिशा सुधारणारा घेणाऱ्याने खरे तर दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात, आणि गुण मात्र तो हीलकडच्या वजनाला देऊन टाकतो.

शाफ्टचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. पोलादी शाफ्टच्या काळात ड्रायव्हर साधारण त्रेचाळीस इंचांचा असे. आज दुकानातला तयार ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. लांब शाफ्टने डोक्याचा वेग वाढतो आणि जाहिरातीत यार्ड वाढलेले दाखवता येतात. मात्र फेस वेळेवर काटकोनात आणणे आणि चेंडू फेसच्या मध्यावर घेणे दोन्ही अवघड होते. म्हणजे जी लांबी अंतरासाठी विकली, तिनेच काही अंशी वाढवलेला दोष पुढच्या क्लबने दुरुस्त करून द्यायचा. लॉफ्टबाबत तर याहून कमी पारदर्शकता आहे. डोक्यावर कोरलेला आकडा प्रत्यक्ष लॉफ्टशी जुळलाच पाहिजे असे कोणताही नियम सांगत नाही. फेस किती अंशांनी बंद आहे हे सहसा क्लबवर छापलेले नसते. ड्रायव्हरच्या डोक्याचा आकार, फेसची उसळी, फिरण्याला होणारा विरोध या सगळ्यांवर अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए यांनी मर्यादा घातल्या आहेत. गिऱ्हाइकाला लागणारी साधी मापे मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

फिरण्याला होणाऱ्या विरोधाचीही गल्लत होते, म्हणून दोन ओळी. २०२४ मध्ये पिंग आणि टेलरमेड यांनी या विरोधाची दोन्ही अक्षांवरची बेरीज दहा हजार ग्रॅम-चौरस सेंटिमीटरांवर नेणारे ड्रायव्हर आणले. फटका मध्यापासून हुकला तरी त्यांचे डोके कमी फिरते आणि अंतर कमी घटते. उघड्या फेसने मारलेला स्लाइस त्यामुळे सरळ होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने स्विंग मुळापासून का बदलावा? चष्म्याने डोळा बरा होत नाही, तरी आपण चष्मा लावतोच. हे मला पूर्ण मान्य आहे. हौशी खेळाडूला चेंडू फेअरवेवर हवा आहे आणि त्यासाठी त्याने क्लबची मदत घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण चष्मा आपण डोळे तपासून, नंबर काढून घेतो. शेजाऱ्याला छान दिसते म्हणून त्याच्या नंबरचा चष्मा करून घेत नाही. ड्रायव्हर मात्र मित्राच्या शिफारशीवर घेतला जातो.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: क्लबने दिशा सुधारायची तर कौशल्य कशाला? याचा एक नमुना इतिहासात आहे. १९७० च्या दशकात पोलारा नावाचा चेंडू आला. त्याच्यावरचे खळगे असमान होते आणि नीट धरून टीवर ठेवला की तो हवेत आपले आडवे वळण स्वतःच कमी करी. यूएसजीएने १९८१ मध्ये चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडाला पाहिजे असा नियम केला आणि पोलारा बाद ठरला. निर्मात्यांनी दावा लावला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. पोलाराला बाद ठरवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो आणि ड्रायव्हरला मिळालेली मुभाही योग्य वाटते. पोलारा फटका झाल्यावर, खेळाडूची चूक चेंडूत उतरल्यावर, ती पुसत असे. हीलकडे वजन असलेला ड्रायव्हर चूक पुसत नाही. हुक मारणाऱ्याचा हुक तो वाढवून दाखवतो. खेळाडूच्या हातचे काम त्याने संपत नाही.

राहिला आक्षेप प्रशिक्षणाबद्दलचा. शिकवण्यांनीही सगळ्यांचा स्लाइस जात नाही, हे खरे आहे. मात्र नव्या ड्रायव्हरला आपल्याकडे अर्ध्या लाखाच्या आसपास पैसे पडतात. येरवड्याच्या पूना कोर्सवर किंवा चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर खेळणाऱ्याने तेवढ्या रकमेतला छोटासा भाग आधी लाँच मॉनिटर या फटके मोजणाऱ्या यंत्रावरच्या एका सत्रासाठी दिला, तर आपला फेस किती उघडा आहे, मार्ग किती आडवा आहे आणि चूक दर वेळी सारखी आहे का, हे त्याला आकड्यांत कळेल. चूक सारखी असेल तर हा क्लब त्याच्या उपयोगाचा. सारखी नसेल तर आधी प्रशिक्षक, नाहीतर एक इंच आखूड शाफ्ट, नाहीतर सरळ तीन नंबरचा वूड. लांबी कमी म्हणून कुणी बिचकू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक मैदानातल्या सर्वांत आखूड फटके मारणाऱ्यांपैकी होती आणि एका स्ट्रोकने पदक हुकून चौथी आली.

कंपन्यांकडे आणि त्यांच्या इथल्या विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ड्रायव्हरसोबत मोजलेला लॉफ्ट, फेसचा कोन, शाफ्टची लांबी आणि गुरुत्वमध्याची जागा छापून द्या. वाचकहो, हे मिळेपर्यंत दुकानदाराला तुमच्यासमोर लॉफ्ट मोजायला लावा, आणि तुमचा जुना ड्रायव्हर सोबत नेऊन दोन्ही क्लबांनी एकाच मॉनिटरवर फटके मारल्याशिवाय पैसे देऊ नका.