बिनपावतीचा प्रवेश

उन्हाळ्याच्या सुट्टीची चाहूल लागली की मुलांच्या परीक्षा संपतात आणि पालकांची सुरू होते. दौलताबाद येथील एका किराणा दुकानदाराच्या घरी गतवर्षी असेच घडले. कन्या गावातील शाळेत सातवीपर्यंत शिकली. अभ्यासात चांगली, गणितात विशेष गती. आठवीपासून तिला छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या नामांकित खासगी शाळेत घालावे, असे आईवडिलांच्या मनाने घेतले. किल्ल्याच्या पायथ्यापासून शहर सुमारे १५ किलोमीटर, शिवाय शाळेची बस गावातूनच जाणारी. अंतराची अडचण नव्हती.

शाळेने वार्षिक शुल्क ६०,००० रुपये सांगितले, बसचे १८,००० वेगळे. मग कार्यालयातील लिपिकाने आवाज खाली आणून ‘विकास निधी’चे ७५,००० रुपये रोख आणण्यास सांगितले. त्याची पावती मिळणार नव्हती. वडिलांनी घरी येऊन कपाटातील मुदत ठेवीची पावती काढली आणि बँकेत जाण्याची तयारी केली.

आजोबांना घरात सारे अण्णा म्हणतात. त्यांनी ती पावती हातात घेतली आणि एका कागदावर बेरीज मांडली. आठवी ते दहावी, तीन वर्षांचे शुल्क व बसभाडे २,३४,०००. त्यात ७५,००० मिळवता ३,०९,००० रुपये. गणवेश, पुस्तके, शिकवणी निराळी.

“शुल्काला माझी ना नाही,” अण्णा म्हणाले, “पण ठेवीची पावती मोडून बिनपावतीचे पैसे द्यायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? आपल्याकडे ज्ञानदान हे मोठे दान मानतात. दान मनाने दिले जाते. अडवून घेतात त्याला दान म्हणत नाहीत.”

कायद्याची भूमिकाही याहून वेगळी नाही. प्रवेशाच्या मोबदल्यात अशी रक्कम घेण्यास महाराष्ट्राच्या १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ हे ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी तीच मनाई करते. घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंडाची तरतूद तेथे आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यासही त्याच कलमाने बंदी आहे. मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. आणखी एक गैरसमज दूर व्हावा. याच कायद्यातील २५ टक्के राखीव जागा पहिली अथवा पूर्वप्राथमिक अशा आरंभीच्या वर्गापुरत्याच आहेत. आठवीत नव्याने येणाऱ्यास त्या मागता येत नाहीत.

शुल्कासाठी राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीसाठी ठेवावा लागतो आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते. म्हणून मंजूर शुल्काचा तक्ता मागण्यात उद्धटपणा नाही. ती साधी व्यवहारदक्षता आहे.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी नम्रपणे पावतीची विचारणा केली. लिपिकाने फाईल मिटली आणि जागा भरल्याचे सांगितले. अर्ज लेखी दिलेला नव्हता, नकारही तोंडीच. तक्रार करावी तर हाती कागद नव्हता. शेजारच्या मैत्रिणीला त्याच शाळेत प्रवेश मिळाला. कन्या दोन दिवस कोणाशी बोलली नाही. सूनबाईंनी न राहवून विचारले, “अण्णा, तत्त्व तुमचे, आणि किंमत मात्र पोरीने मोजायची का?” अण्णांजवळ उत्तर नव्हते.

या प्रसंगातून इतर पालकांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन भरावी. तीन वर्षांचा एकूण खर्च आधी मांडावा. केवळ पहिल्या हप्त्यावर निर्णय घेऊ नये. नव्या शाळेतील प्रवेश निश्चित झाल्यावरच जुन्या शाळेतून दाखला काढावा, अन्यथा दोन्ही जागा हातच्या जातात. आणि एकाच शाळेच्या नावावर मन अडकवून न ठेवता आणखी दोन शाळा प्रत्यक्ष पाहून ठेवाव्यात. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो, त्यालाच बिनपावतीची रक्कम मोजावी लागते.

जूनच्या अखेरीस त्या कन्येला शहरातीलच, फारसा गाजावाजा नसलेल्या एका खासगी अनुदानित शाळेत प्रवेश मिळाला. त्या शाळेची बस दौलताबादला येत नाही. ती एसटीने जाते आणि तिचे दप्तर घेऊन अण्णा रोज सकाळी थांब्यापर्यंत चालत जातात. पहिल्या आठवड्यात ती वाटेने गप्पच असे. आता वर्गातल्या गोष्टी सांगते. ठेवीची पावती अद्याप कपाटात आहे. तिच्या पाकिटावर अण्णांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, ‘अकरावीसाठी’.