गाडीची 'चारसोबीसी'

मुरबाड-कल्याण किंवा शहापूर-आसनगाव फेऱ्या मारणाऱ्या गाडीवर आज आपल्याकडील कित्येक घरांची चूल पेटते. अशा गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, 'पी ०४२०' असा कोड येतो आणि लगेच सांगितले जाते, "कन्व्हर्टर गेला, नवा टाका." हा भाग महाग. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. म्हणून बंधू-भगिनींनो, पैसे मोजण्यापूर्वी हा कोड काय सांगतो ते समजून घेऊ.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीत सायलेन्सरच्या आधी बसवलेला डबा. कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूचे तो कमी घातक वायूत रूपांतर करतो. मुंबईसह चार महानगरांत १९९५ साली नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. डब्याच्या आधी एक व नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. बहुतेक गाड्यांत पहिल्याचा आकडा सतत वरखाली होतो. डबा ठीक असेल तर दुसऱ्याचा जवळपास स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखा नाचू लागला की हा कोड येतो. म्हणजे कोड शंका सांगतो, निकाल देत नाही.

तेव्हा कमी खर्चाची तपासणी आधी करावी.

१) सोबत मिसफायरचा कोड आहे काय? असल्यास प्लग, कॉइल पाहा. न जळलेले पेट्रोल डब्यात जळून डबा वितळतो. मूळ दोष राहिला तर नवा डबाही जाईल. दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका.

२) नळीला भेग किंवा जोडाला गळती आहे काय? बाहेरची हवा आत शिरली की सेन्सर फसतो. आपल्या खड्ड्यांत खालून दगड लागतातच.

३) इंजिन गरम असताना दोन्ही सेन्सरचे आलेख स्कॅनरवर दाखवायला सांगा.

४) इंजिन ऑइल पिते काय? त्यानेही डबा खराब होतो.

नुसता कोड पुसून दिवा विझवणे ही दुरुस्ती नव्हे. डबा काढून साधी नळी जोडण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये. तो विषारी धूर स्टँडवर उभ्या असलेल्या आपल्याच मुलाबाळांच्या छातीत जातो.

आणि डबा खरोखर बदलावाच लागला, तर आधी वॉरंटी पाहा, पक्के बिल घ्या व जुना डबा मागून घ्या. त्यातील धातूमुळे भंगारातही त्याला किंमत येते. ती किंमत गाडीमालकाची आहे.