ते कुरव आहेत, बदके नव्हेत

काशीच्या बालाजी घाटासमोर हिवाळ्यात होड्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांना गेल्या अंकातील पत्रात ‘समुद्री बदके’ म्हटले आहे. ते कुरव आहेत.

दोघांच्याही पायांना पडदे, म्हणून घोटाळा होतो. पण चोच पाहावी. बदकाची बहुधा चपटी, कुरवाची निमुळती. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरे होते, डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो. नावावर विसंबणारा इथेच फसतो! तपकिरी डोक्याच्या कुरवाची पंखटोके काळी, त्यांवर पांढरे ठिपके.

समुद्री बदकांच्या गटातला गूसँडर थंडीत हिमालयातल्या नद्यांवर दिसतो. नराचे डोके गडद हिरवे, मादीचे तांबूस. चपट्या चोचीचा नियम तो मोडतो: त्याची चोच लाल, बारीक, टोकाशी आकडी आणि कडांना करवतीचे दाते, निसटता मासा धरायला.