सूज उतरली म्हणजे आजार गेला?

‘ल्युपस’मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. तरुण स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. मूत्रपिंडाला दाह झाला, की लघवीतून प्रथिने जातात. पायांवर, चेहऱ्यावर सूज येते. स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीला मायकोफिनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर सूज ओसरते. घात होतो तो इथेच! “आता बरी दिसतेस, गोळ्या कशाला?” असे घरचेच म्हणतात आणि औषधे बंद होतात.

माझे स्पष्ट मत असे, की हा निर्णय चेहरा पाहून घेऊ नये. लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या खाली आले आणि रक्तातील क्रिएटिनिन स्थिर राहिले, तरच पूर्ण उतार समजावा. त्याला बहुधा ६ ते १२ महिने, कधी अधिकही लागतात. त्यानंतरही, आजाराच्या तीव्र प्रकारांत प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार एकूण किमान ३ वर्षे चालावेत, असे २०२४ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. स्टेरॉइडचा डोस डॉक्टरांनीच हळूहळू कमी करावा. ते एकदम सोडणे जिवावर बेतू शकते.

औषधे महाग आहेत, हे खरे. पण आजार पुन्हा उलटून मूत्रपिंड निकामी झाले, तर डायलिसिस त्याहून महाग पडते. लघवीची तपासणी मात्र स्वस्त आहे. ती चुकवू नका.