विक्रांतचे पोलाद आणि साडेसहा इंची सी हॉक

कला शाखेच्या विद्यार्थ्याला कलेचा एकही तास नसतो, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आली आहे? आमच्या हाताला काम मिळते ते फक्त परीक्षेत, तेही तीन तास लिहिण्याचे. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने वर्षातून एक तरी वस्तू मापात, हुबेहूब करून दाखवावी असे मी म्हणतो, तेव्हा मित्र हसतात. हसणाऱ्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

मी केली ती 'सी हॉक' या लढाऊ विमानाची प्रतिकृती. आपल्या नौदलाचे हे पहिले जेट लढाऊ विमान. त्याच्या ३०० क्रमांकाच्या पथकाचे चिन्ह झेपावणारा पांढरा वाघ. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून ही विमाने उडाली आणि कॉक्स बाजार व चितगाव येथे त्यांनी हल्ले केले. पथकाचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. त्या वेळी विक्रांतच्या चारपैकी एक बॉयलर नादुरुस्त होता व जहाजाला पुरता वेग घेता येत नव्हता. विमानवाहू जहाजाला वेग हवा असतो तो विमानाच्या पंखाखाली वारा यावा म्हणून, हे मला पुस्तकाने नव्हे, लाकडाने शिकवले. ते कसे, हे पुढे सांगतो.

आधी मोटारसायकलची गोष्ट. विक्रांत १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत तिच्यावर संग्रहालय होते, तेही २०१२ साली बंद झाले. जहाज वाचवावे म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, परंतु २०१४ साली ते भंगारात गेलेच. २०१६ साली बजाज कंपनीने 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली आणि तिच्या टाकीत विक्रांतचे पोलाद असल्याची जाहिरात केली. ती गाडी आमच्या नेरच्या रस्त्यावरही धावली. म्हणजे समुद्रापासून इतक्या दूरच्या गावी विक्रांत आली, पण पेट्रोलची टाकी होऊन! त्या टाकीवर हात ठेवून कोणाला जहाज दिसेल काय? पोलाद कुठेही मिळते. जहाज म्हणजे त्याचा आकार, आणि तोच आपण मोडला. २०२२ साली नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नव्या सुनेला जुन्या सासूचे नाव दिले म्हणून सासूचा चेहरा आठवत नाही.

असो. आकार राखायचा तर तो हाताने काढावा लागतो. प्लॅस्टिकचे तयार संच मोठ्या शहरांत मिळतात. पण एका संचाची किंमत म्हणजे आमच्याकडची तीन-चार दिवसांची मजुरी. मी धुऱ्यावरच्या पांगाऱ्याचे लाकूड घेतले. ते मऊ असते, चाकूने सोलते. पंखांना जाड पुठ्ठा, भेगा भरायला फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा, वैमानिकापुढच्या काचेला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे पारदर्शक प्लॅस्टिक. माप बहात्तरास एक. हे माप सोपे आहे, कारण एक इंच म्हणजे सहा फूट. विमानाचे पंख ३९ फूट, म्हणून साडेसहा इंच. मग सहज विक्रांतचा हिशेब केला. ७०० फुटांचे जहाज, म्हणजे पावणेदहा फुटांपेक्षा थोडे कमी. आमची पुढची खोली दहा फूट आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी धरली आणि तिच्या टोकाशी ते साडेसहा इंची लाकूड ठेवले, तेव्हा कळले की एवढ्याशा जागेतून जेट विमान उडवायला जहाजाने वाऱ्याच्या तोंडावर का धावावे लागते. हे आमच्या गाईडात नाही.

बाबा शाळेत चौथीपर्यंत गेले. ते म्हणाले, "पोया त झाला, आता हे कायचं खेळनं करून रायला?" त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. आमच्या वऱ्हाडात तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल घेऊन निघतात, आणि चांगला सुतार बैलाचे वशिंड नि खांद्याचा उतार असा काढतो की जात ओळखू यावी. तो मापाचा अभ्यास नाही तर काय आहे?

रंगाचे काम मात्र पोळ्याहून वेगळे. शिंगांचा उरलेला भगवा आणि हिरवा ऑइलपेंट पंखांवरच्या गोलांना उपयोगी आला. बाहेर भगवा, मध्ये पांढरा, आत हिरवा. बाकीचे अंग वरून गडद राखाडी, खालून फिकट. राखाडी म्हणजे काळ्यात पांढरा नव्हे, पांढऱ्यात थेंबाथेंबाने काळा. रंग पातळ हवा, कारण या मापात एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर चार बोटांचा लेप. म्हणूनच रिव्हेटचे ठिपके काढू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ते दिसायला छान आणि मापात खोटे असतात. एका प्रदर्शनात परीक्षकांनी "जरा चकचकीत वार्निश द्या" असा सल्ला दिला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहणारे विमान आरशासारखे कसे चकाकेल? मी वार्निश दिले नाही, व बक्षीस थर्मोकोलच्या ताजमहालाला मिळाले.

सर्वांत कठीण भाग धुराड्याचा. सी हॉकचे इंजिन एकच, पण त्याचा झोत दोन्ही बाजूंना फाटून पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. त्यामुळे पाठीमागचा भाग इंधनासाठी मोकळा राहतो. हे दोन बोळ समोरासमोर सारखे कोरताना तीन लाकडे फुकट गेली.

एका मैत्रिणीने विचारले, "हे युद्धाचे खेळणे नाही का? चितगावच्या बंदरात माणसेच होती ना?" होती. आणि १६ डिसेंबरला ढाक्यात जे सुटले तीही माणसेच होती. विमानाच्या नाकाखाली चार तोफा आहेत. त्यांची छिद्रे मी सुईच्या टोकाने पाडली. ती न पाडता नुसता सुंदर पक्षी केला असता, तर तो सी हॉक झाला नसता.

तेव्हा माझी मागणी एवढीच. इतिहास विभागाने एक कपाट, एक टेबल आणि शनिवारचे दोन तास द्यावेत. कोणी देवगिरीचा खंदक करील, कोणी कापसाचा जिन करील. विक्रांतच्या डेकसाठी मला आठ फुटांची फळी पुरणार नाही. दोन जोडाव्या लागतील. फळ्या मी आणीन.